साबुदाण्याचा पुरावा

झालं काय, संकष्टीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून येताना साबुदाणा घेऊन आलो. चांगला किलोभर. हिने पिशवीत डोकावलं आणि विचारलं, "भगर कुठाय?" म्हटलं भगर कोण बोललं, तू फोनवर साबुदाणा म्हणालीस. ती म्हणे भगर, मी म्हणे साबुदाणा, असं साधारण पाऊण तास. लग्नाला 22 वर्षं झाली आणि फोनवर कोण काय म्हणालं या विषयावरच्या आमच्या सगळ्या केसेस अजून पेंडिंग आहेत. त्या रात्रीच ठरवलं, आता बास, कॉल रेकॉर्डिंगचं अ‍ॅप टाकायचं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा आता ते पूर्वीसारखं सोपं नाही राहिलं. म्हणे अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, बाहेरच्या अ‍ॅपला कॉलमधला समोरच्याचा आवाजच मिळत नाही, मग अ‍ॅपवाले अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाच्या मागच्या दाराने आत शिरायला लागले, जी सोय खरं तर ज्यांना नीट दिसत नाही ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आणि मग 11 मे 2022 पासून गुगलने प्ले स्टोअरवर तेही दार लावून टाकलं, ट्रूकॉलरनेसुद्धा तेव्हा रेकॉर्डिंग काढलं होतं. हे सगळं ऐकून मी काय केलं, तर तरीही एक अ‍ॅप टाकलं. कारण फुकट होतं. त्याने कॉन्टॅक्ट मागितले, लोकेशन मागितलं, फोटो मागितले. आवाज रेकॉर्ड करायला याला माझे महाबळेश्वरचे फोटो कशाला लागतात देव जाणे, पण दिले.

पहिलं रेकॉर्डिंग रात्री कानात हेडफोन घालून ऐकलं. "हं. हो. हो ना. बरं. आं? हो हो. आणतो." बस. तीन मिनिटं मी एकटाच. आणि तो आवाज! आपण बोलतो तेव्हा आपला आवाज डोक्याच्या हाडांतूनही कानात पोचतो म्हणून आपल्याला तो भरदार वाटतो, बाकी जगाला मात्र नुसता हवेतून आलेला ऐकू येतो. म्हणजे 22 वर्षं ही बाई हे ऐकतेय. त्या क्षणी मला तिच्याबद्दल पहिल्यांदा जरा सहानुभूती वाटली.

भाचा म्हणाला स्पीकर ऑन करून बोल, माईक दोन्ही आवाज पकडेल. पकडले ना. डोंबिवली लोकलमध्ये संध्याकाळी स्पीकर ऑन करून मी बायकोशी बोललो, आणि तिने सगळ्या डब्यासमोर माझ्या पोटाची चौकशी केली. समोरच्या एका काकांनी ओवा खा म्हणून सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये काकाच सगळ्यात स्पष्ट आहेत.

मग सापडलं की फोनच्या स्वतःच्या डायलरमध्येच रेकॉर्डचं बटण असतं. दाबलं. तर एक बाई खणखणीत इंग्रजीत दोघांनाही सांगते की हा कॉल आता रेकॉर्ड होतोय. नेमकी तेव्हा लाईनवर सांगलीची आत्या, वय 78. "अरे ती बाई कोण बोलली मधेच?" म्हटलं कोणी नाही गं. "कोणी नाही कसं, ते डिजिटल अरेस्ट का काय म्हणतात ते झालं का रे तुला?" आणि मग एकदम आवाज बदलून, बहुतेक त्या बाईला उद्देशून, "माझ्या खात्यात काही नाही हो!" खट्. पुढच्या दहा मिनिटांत मला तीन चुलतभावांचे फोन, तू सुटलास का म्हणून.

फ्रीजवाल्यावर मात्र त्या बाईचा परिणाम बघण्यासारखा. एरवी "येतो ना साहेब, उद्या फिक्स" म्हणणारा माणूस, ती बोलल्याबरोबर तहसीलदारासारखा बोलायला लागला. "आपली तक्रार आम्हाला प्राप्त झालेली आहे, आपल्याला योग्य ते सहकार्य करण्यात येईल." आला नाहीच, पण नाही येण्याची भाषा सुधारली.

एवढ्यात भाच्याने बातमी पुरवली की जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या एका केसमध्ये सांगितलंय, नवराबायकोने एकमेकांचं गुपचूप केलेलं कॉल रेकॉर्डिंगसुद्धा पुरावा म्हणून चालू शकतं. मी जरा उत्साहात मोठ्यानेच म्हणालो, "म्हणजे चालतं?"

"काय चालतं?" ही स्वयंपाकघरातून.

सांगावं लागलं. शांतपणे ऐकलं तिने, हात पुसले आणि स्वतःचा फोन घेऊन आली, तोच, मीच मागच्या वाढदिवसाला घेऊन दिलेला. त्यात म्हणे सेटिंगमध्येच ऑटो रेकॉर्ड आहे, पहिल्या दिवसापासून चालू, बाई नाही, बीप नाही, काही नाही. माझ्या नावापुढे फाईलींची ही लांबलचक रांग. तिने तारीख बघून एक लावली.

"साबुदाणा आहे घरात, भगर आणा. ऐकताय ना? भगर."

आणि मग माझा तो हाडांतून न आलेला आवाज, "हो हो, साबुदाणा, कळलं."

"आता दिवाळीच्या आकाशकंदिलाचं काढू?" ती म्हणाली.

मी म्हटलं नको, खिचडी टाक.