गोल्डफिशचा तो मेसेज पुन्हा आलाय म्हणून लिहितेय

मुलीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. मोबाईलवर वाढलेल्या पोरांचं लक्ष फक्त ८ सेकंद टिकतं म्हणजे गोल्डफिशपेक्षाही कमी, अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं स्वतःच्या मुलांना आयपॅड दिला नाही, स्वीडननं शाळांतून कॉम्प्युटर हद्दपार केले, ही पिढी माणसांशी बोलायचंच विसरली, म्हणून अठरा वर्षांपर्यंत हातात स्क्रीन नकोच. माझी मुलगी सहावीत आहे, काळजी मलाही वाटते, पण काळजी खरी आहे म्हणून काहीही खपवून घ्यायचं का?

आधी तो मासा. हा आकडा पसरला मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या २०१५ च्या एका रिपोर्टमुळे, आणि तो होता जाहिरातवाल्यांसाठी. ८ सेकंद त्यांनी मोजलेच नव्हते, दुसऱ्या एका आकडेवारीच्या साइटवरून उचलले होते, २०१७ मध्ये बीबीसीनं त्याचं मूळ शोधलं तर मागे काही संशोधनच सापडलं नाही. आणि लक्ष किती टिकतं ते समोर काम काय आहे त्यावर असतं ना, माझी मुलगी गणिताला दहा मिनिटांत उठते आणि रांगोळीला बसली की दोन तास मान वर करत नाही.

जॉब्सचं खरंय, पण अर्धं. एका पत्रकाराशी झालेलं ते बोलणं २०१० चं, आयपॅड येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तो म्हणाला होता की मुलांनी अजून वापरला नाहीये, घरी टेक्नॉलॉजी किती वापरायची त्यावर आम्ही मर्यादा घालतो. मर्यादा म्हणजे बंदी नव्हे.

स्वीडनचा मुद्दा मी मानते, त्यात दम आहे. तिथल्या चौथीच्या मुलांचा आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीतला स्कोअर २०१६ ला ५५५ होता तो २०२१ ला ५४४ वर आला, मग सरकारनं २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पैसे दिले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं. पण सक्ती काढणं वेगळं आणि शाळांतून कॉम्प्युटरच काढणं वेगळं.

आता बोलायचं विसरली, हे. अगदी लहान बाळांबाबत स्क्रीनची भीती रास्त आहे. बाळं भाषा कशी शिकतात यावर काम करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी एक माणूस समोर बसून चिनी भाषेत खेळला तर बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला लागली, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून सांगतेय की वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको. पण यातून मला दिसतं ते हे की बाळाला समोर माणूस लागतो, आणि मेसेजमध्ये तो माणूस कुठेच नाही, सगळा दोष यंत्राचा आणि पोराचा. माझी मुलगी दर रविवारी आजीला व्हिडिओ कॉल लावून लोणच्याचं प्रमाण विचारते, पाऊण तास गप्पा चालतात, त्याला बोलणं विसरणं कसं म्हणू?

आणि अठरापर्यंत बंदी घातली तर सोलापुरातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी मोबाईलवर धडे बघता-ऐकता यावेत म्हणून पुस्तकांत क्यूआर कोड घातले ते कुणासाठी? २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला!

मला पटतं ते सांगलीतल्या मोहित्यांच्या वडगावचं. २०२२ मध्ये त्या गावानं ठरवलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद. पोरांचे बंद आणि मोठ्यांचेही बंद, सिरियल चालू असली तरी. हा मेसेज परवा रात्री आला तेव्हा मी मुलीचा इतिहासाचा धडा घेत होते, धडा मध्येच सोडून फोन मी उचलला, तिनं नाही. पुढच्या पालकसभेत मी एवढंच मागणार आहे की रोज साडेसात ते नऊ ग्रुपवर कुणी काही टाकू नका, शाळेची सूचनासुद्धा नको, सकाळी टाकली तरी चालते.