चाळीस दिवसांचा उतारा

आईची तिसरी केमो चार दिवसांवर होती, तेव्हा मामाने घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. नोव्हेंबर २०२४ मधला, नवज्योतसिंग सिद्धूंचा. साखर आणि दूध बंद, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, आणि पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर चाळीस दिवसांत गेला. खाली मामाची ओळ : "ताईला विष कशाला टोचताय?" आई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "करून बघू या का? नुकसान तर काही नाही ना?"

चाळीस दिवसांचं आधी. सिद्धूंच्या पत्नी नवज्योत कौर यांचं ऑपरेशन झालं होतं, केमोही झाली होती. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितलं, की हळद-कडुनिंबाने कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला, की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांना पूरक म्हणून होता. तो खुलासा मामापर्यंत पोचला नाही. खुलासे कोण फॉरवर्ड करतं?

"साखर तोडली की गाठ उपाशी मरते." मामाच्या या म्हणण्यात अर्धं खरं आहे. कॅन्सरच्या अनेक पेशी ग्लुकोज जास्त ओढतात. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं होतं आणि शरीरात गाठ कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण गोड सोडलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करतं, वेळ पडली तर स्नायू झिजवून. म्हणजे गाठ जेवते आणि आई उपाशी राहते. तिचं वजन आधीच उतरलंय. त्यात दूधही तोडा म्हणे!

"केमो विष, झाडपाला नैसर्गिक." केमो कठोर आहे, हे मामाचं मला मान्य. केस गेले, तोंड आलं. पण आईला चालू असलेलं केमोचं औषध, पॅक्लिटॅक्सेल, मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळालं, ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात. फरक मोजून दिलेल्या मात्रेचा आहे.

राहिला आईचा प्रश्न. आमटीतल्या हळदीने काही होत नाही. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं मात्र आहेत, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतच करतं. त्याहून मोठं नुकसान, केमो सोडली तर वाया जाणाऱ्या वेळेचं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांना मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त.

हे आकडे मी मामाला ऐकवले, आईला नाही. तिला आकडे नकोच होते. सलाईन दुसरे लावतात, तारीख दुसरे ठरवतात. हळद ती स्वतः किसते, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. त्यावरून तिच्याशी भांडून काय मिळणार? काय काय घेतेयस ते डॉक्टरांना सांगू, एवढीच अट घातली. मामीने आणलेली कॅप्सूलची बाटलीही सोबत नेली. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवल्या, जेवणातली हळद राहू दिली. केमो ठरल्या तारखेला झाली.

कडुनिंबाचा रस आईनेच सोडला. म्हणाली, "तोंड आधीच कडू झालंय."