गो-वेंट-गॉन : मधलं रूप आलं कुठून?

इंग्रजी क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतात, त्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'गो-वेंट-गॉन'. मूल विचारतं, 'गो'चं 'वेंट' कसं झालं? उत्तर मिळतं, "अपवाद आहे, पाठ कर." इतक्या चांगल्या प्रश्नाचं हे फार वाईट उत्तर आहे. कारण 'गो'चं 'वेंट' कधी झालंच नाही. ते दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे.

ते क्रियापद 'वेंड'. मूळ अर्थ वळणे, वळवणे. त्यातून पुढे वाट धरणे, जाणे. 'सेंड'चं 'सेंट', 'बेंड'चं 'बेंट', 'स्पेंड'चं 'स्पेंट', तसं 'वेंड'चं 'वेंट'. म्हणजे ज्याला आपण अपवाद म्हणतो ते रूप मुळात नियमानेच झालेलं! मग 'गो'ला स्वतःचा भूतकाळ नव्हता का? जुन्या इंग्रजीत 'एओदे' असं रूप वापरत, पण तेही वेगळ्याच धातूचं. ते झिजत गेलं आणि 15व्या शतकाच्या सुमारास 'वेंट'ने त्याची जागा घेतली. 'गॉन' तेवढं 'गो'चं सख्खं. स्कॉटलंडच्या बोलीने 'वेंट' न घेता आपल्या 'गे'पासून, म्हणजे तिथल्या 'गो'पासून, सरळ 'गेड' असा भूतकाळ बनवला. आणि भूतकाळ गमावलेल्या 'वेंड'ला 'वेंडेड' हे नवं रूप मिळालं. आज ते 'वेंड वन्स वे' अशा एखाद्या वाक्प्रचारातच भेटतं.

दोन-तीन धातूंची रूपं मिळून एक क्रियापद बनण्याला भाषाशास्त्रात 'सप्लेशन' म्हणतात. हेर्मान ओस्टहोफ या जर्मन अभ्यासकाने 1899 साली या विषयावर स्वतंत्र लेखन केलं. फ्रेंचमध्ये 'जाणे' या एका क्रियापदात तीन लॅटिन धातू आहेत. स्पॅनिशमध्ये 'मी गेलो' आणि 'मी होतो' यांना एकच शब्द आहे, 'फुई'.

आणि मराठी? 'जातो' आणि 'गेला' हे शेजारी शेजारी ठेवून बघा. 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूपासून, 'याति'मधून. 'गेला' आलं 'गम्'पासून, 'गत'मधून. आपण जन्मभर हेच करत आलोय आणि कुणी आपल्याला 'जाणे' अनियमित आहे म्हणून घाबरवलं नाही. मराठी मुलाला 'वेंट' समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार? तरी ते वर्गात सांगितलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार आवडते. 'गेला'मधला 'गम्' इंग्रजीतही आहे, पण 'गो'मध्ये नाही, 'कम'मध्ये! जिथे संस्कृतात 'ग' तिथे इंग्रजीत 'क', हे नातं जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमात बसतं. संस्कृत 'गो', म्हणजे गाय, आणि इंग्रजी 'काउ'. 'युग', म्हणजे जू, आणि 'योक'. एकाच मुळापासून आपल्याकडे जाणं निघालं आणि त्यांच्याकडे येणं.

अशी वेडीवाकडी रूपं टिकतात कशी? रोज कानावर पडतात म्हणून. कमी वापरातल्या क्रियापदांना नियम हळूहळू सरळ करून टाकतो. अर्थात नेहमीचा शब्दही कधी सरळ होतो: 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, आज 'हेल्प्ड' आहे. लहान मुलं 'गोड' म्हणतात, म्हणजे 'गो'ला 'एड' लावतात, आणि आपली मुलं 'केलं'ऐवजी 'करलं'. हसू नये त्यांना. नियम त्यांनी आपला आपण शोधून काढलेला असतो.

वापराबद्दल थोडं. 'गो' अवस्था बदलणंही दाखवतं, पण बहुतेकदा वाईटाकडे: 'गो बॅड', 'गो मॅड', 'गो ब्लाइंड'. चांगलं घडलं तर 'कम ट्रू'. मराठीतही वस्तू वाया जाते आणि माणूस कामातून जातो. आणि पोहता मात्र 'येतं'.

शिवाय 'गोइंग टू'. आधी हे खरोखरच कुठेतरी जाणं होतं, नंतर भविष्यकाळ झालं. बोलताना त्याचं 'गॉना' होतं, पण फक्त भविष्याच्या अर्थी. 'आय ॲम गॉना स्लीप' चालतं, 'आय ॲम गॉना लंडन' कुणी म्हणत नाही. म्हणून 'गॉना'ला अशुद्ध ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. अर्जात, निबंधात ते नको, हे मान्य. पण बोलण्यात ते आळसाने आलेलं नाही. एका क्रियापदाचे दोन अर्थ ते नेमके वेगळे ठेवतं, आणि हे काम शुद्ध 'गोइंग टू'ला जमत नाही.