दाजी, पाला पिकवताय का?

आमच्या पोर्चवर द्राक्षाचा वेल आहे. एकच. तासगाव तालुक्यात दोन एकर बाग असलेल्या मेहुण्यासमोर हे सांगणं म्हणजे पैलवानाला दंड काढून दाखवणं. पण ती काडी त्यानंच दिलेली, तास-ए-गणेशची. थॉमसन सीडलेसमधूनच तासगावकडं निवडलेली जात, घरचीच म्हणा ना. देताना तो अगदी गंभीर झाला होता. म्हणाला, "जपा तिला." बहीण दिली तेव्हा एवढा गंभीर झाल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर वेलाला अकरा घड लागले. आणि पानं! भर दुपारी पोर्चखाली स्कूटरची किल्ली लावायला मोबाइलचा उजेड लागायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी कौतुकानं वर बघायला लावायचो.

डिसेंबरात मेहुणा आला. त्यानंही वर बघितलं. चहाचा कप तसाच हातात ठेवून म्हणाला, "दाजी, पाला पिकवताय का द्राक्षं?"

मग उभ्याउभ्या शिकवणी झाली. घडाजवळची पानं काढली की उजेड पडतो, वारा खेळतो, भुरी रोगाला थारा राहत नाही. पानांच्या बगलेतून निघतात त्या फेलफुटी. त्या नुसत्या खातात, देत काही नाहीत, त्या काढायच्याच. "पण घडामागं बारा-पंधरा पानं ठेवा हं. साखर तीच करत्यात." एवढं सांगून तो गार चहा एका घोटात संपवून गेला.

मोजायची सवय सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलानं लावलीय. पुराचं पाणी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं. अकरा घड गुणिले पंधरा, म्हणजे 165 पानं ठेवायची. रविवारी स्टुलावर चढलो आणि असलेली मोजायला लागलो. एकशे नव्वदपर्यंत पोचलो की वारा यायचा आणि सगळी पानं जागा बदलायची. तिसऱ्यांदा चुकल्यावर मोजणी सोडली.

पहिलं पान काढायला मला वीस मिनिटं लागली. तळहाताएवढं, कडेला दातरे, निरोगी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा गुन्हा एवढाच, की ते घडासमोर उभं होतं. देठाशी धरलं, सोडलं, शेजारचं बघितलं, तेही तसंच. शेवटी डोळे मिटून खाली ओढलं. टच्! काडीवर हिरवा ओला ठिपका राहिला, आणि आतून इतके दिवस न दिसलेला घड एकदम समोर आला, हिरवेगार मणी, वर पांढुरकी झिलई.

दुसऱ्याला एक मिनिट लागलं. तिसऱ्यापासून वेळ लागलाच नाही.

त्या टच् आवाजात काहीतरी आहे बघा. तंबाखू सोडलेल्या माणसानं या वाटेला जाऊ नये. "हे एवढं शेवटचं," म्हणत मी पूर्व बाजू संपवली, स्टूल सरकवलं, पश्चिमेला भिडलो. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. तिसऱ्यांदा आली ती काही न बोलता खाली पडलेला पाला बुट्टीत भरायला लागली. चार बुट्ट्या निघाल्या. मागच्या गल्लीतल्या शेळ्यांनी त्या दिवशी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तसं आजवर ऑफिसात कोणी बघितलेलं नाही.

संध्याकाळी मोजणी मात्र झटक्यात झाली. वारा आला तरी चुकलो नाही. एकूण पानं 41.

"घड कसे छान दिसतात की नाही?" मी विचारलं.

"घडच दिसतात," ती म्हणाली.

जानेवारी थंडीत निभावली. फेब्रुवारीत दुपारचं ऊन तापायला लागलं आणि पश्चिमेचे घड आधी पिवळट, मग तपकिरी पडले. एका बाजूचे मणी सुरकुतले. उरलेले फुगले, पण आंबट ते आंबटच. साखर करणारे कारागीर मीच शेळ्यांना खाऊ घातले होते. बायकोची जुनी ओढणी बांधून सावली केली, तर समोरच्या काकूंनी विचारलं, बारसं कुणाचं आहे?

महिनाअखेर मेहुणा आला. पोर्चखाली आता लख्ख ऊन होतं, त्यामुळे वर बघताना त्याला कपाळावर हात धरावा लागला. तो हात त्यानं बराच वेळ खाली घेतलाच नाही. मग एक सुरकुतलेला मणी तोडून तोंडात टाकला.

"दाजी, बेदाण्याला आमी द्राक्षं द्रावणात बुडवतो, मग शेडात जाळीवर, सावलीला पंधरा दिस वाळवतो. शेडला खर्च किती येतो म्हाईत हाय? तुमी येलावरच उरकलंय."

जाताना तो बहिणीला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. एप्रिलची छाटणी तो स्वतः येऊन करणार आहे. स्टूल त्या दिवसापासून माळ्यावर गेलंय आणि कात्री तिच्या कपाटात, किल्लीसकट.

कात्रीचं मला काही वाटत नाही. कोवळा शेंडा अंगठ्याच्या नखानंही खुडता येतो. तुळशीच्या मंजिऱ्या मी परवाच संपवल्या, आणि समोरच्या काकूंचा टोमॅटो कंपाउंडवरून आमच्याकडं जरा जास्तच झुकलाय.