चक्क्याच्या ड्रेसिंगला पाणी का सुटले : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मेयोनेझऐवजी चक्का वापरून सॅलडचे दाट ड्रेसिंग घरी कसे करावे, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे दोनदा वाचली. आपण नाव दिलेले नाही, म्हणून ताई किंवा दादा असे काही न म्हणता लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : कृती जशीच्या तशी केली, तरी अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाशी पाणी साचले आणि वर तेलाचा तवंग आला, पौष्टिक म्हणवून घेणाऱ्या पदार्थात तेल आणि काजू दोन्ही घालणे विसंगत आहे, एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरीच अंड्याचे मेयोनेझ केलेले काय वाईट, आणि शेवटी, आपल्या आज्या जे कोशिंबिरीत घालत होत्या त्याला ड्रेसिंग म्हणणे हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे. यातील पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे, दुसऱ्यात अर्धी माझी आहे, आणि उरलेल्या दोहोंबाबत माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे.

पाण्याची तक्रार वाचल्यावर मी रविवारी सकाळी तेच सॅलड पुन्हा केले, आणि या वेळी माझ्या सवयीने न करता लेखात जेवढे लिहिले आहे तेवढेच करायचे असे ठरवले. एका वाडग्यात दोनशे ग्रॅम काकडी किसून घेतली, तीवर अर्धा चहाचा चमचा मीठ घातले आणि लगेच चक्क्याचे मिश्रण कालवले. दुसऱ्या वाडग्यात तेवढीच काकडी, तेवढेच मीठ. पण ती काकडी वीस मिनिटे तशीच ठेवून मग मुठीत घट्ट पिळली आणि नंतर कालवली. पिळून निघालेले पाणी मोजण्याच्या पेल्यात ओतले तर ते साठ मिलिलिटरच्या आसपास भरले. म्हणजे पहिल्या वाडग्यातील ड्रेसिंगमध्ये न विचारता जवळजवळ चार मोठे चमचे पाणी येऊन मिळणार होते, आणि तसे ते मिळालेही. अर्ध्या तासाने तिथे आपण वर्णन केले आहे तसेच पांढुरके पाणी साचले होते आणि काकडीचे कीस त्यात पोहत होते. काकडीत ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि मीठ लागताच ते पेशींबाहेर येऊ लागते, हे मला माहीत नव्हते असे नाही. काकडी पिळण्याची माझ्या हातांना इतकी सवय आहे की ती पायरी लिहावी लागते हेच सुचले नाही. ही चूक माझी, आणि मूळ लेखात ती पायरी आता घातली आहे.

मात्र सगळे पाणी काकडीचे नसावे, असा माझा अंदाज आहे. आपण लिहिले आहे की चक्का ‘मिक्सरमधून गुळगुळीत होईपर्यंत’ फिरवला. दही लागते म्हणजे दुधातील केसीन या प्रथिनाची बारीक जाळी तयार होते आणि त्या जाळीच्या छिद्रांत पाणी अडकून राहते. दही फडक्यात टांगले की त्यातील बरेचसे पाणी निवळीच्या रूपाने ठिबकून जाते आणि जाळी दाट होते, हाच चक्का. मिक्सरचे पाते त्या जाळीचे तुकडे करते, म्हणून दोन मिनिटे फिरवलेला चक्का आधी ताकाच्या दिशेने पातळ होतो आणि मग ठेवल्यावर पाणी सोडतो. श्रीखंडासाठी आपण चक्का पुरणयंत्रातून काढतो किंवा चाळणीवर हाताने घासतो, त्याला मिक्सर लावत नाही, ते यासाठीच. ड्रेसिंगलाही चमच्याच्या पाठीने घोटणे पुरते. गुठळी राहिलीच तर गाळणीतून घासून काढावी, पण पात्याखाली देऊ नये.

टांगण्याचे प्रमाणही मी ढोबळ दिले होते. ‘तीन-चार तास’ हे माप पावसाळ्यात एक असते आणि मे महिन्यात दुसरे, शिवाय उन्हाळ्यात बाहेर टांगलेले दही चक्का होईपर्यंत आंबट ढाण होते. आता मी वजनावर जाते. अर्धा किलो दही घेतले तर फडक्यात सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम उरेपर्यंत थांबते, आणि हे सगळे फ्रीजमध्ये, चाळणीवर फडके ठेवून आणि खाली पातेले लावून करते. वजनकाटा नसेल तर चमचा उभा रोवून पाहावा. तो कलंडला नाही म्हणजे झाले.

आता तवंगाकडे येते, कारण इथेच आपला पहिला आणि दुसरा मुद्दा एकमेकांत अडकले आहेत. मी ‘दोन चमचे तेल’ असे लिहिले. माझ्या मनात चहाचा चमचा होता, म्हणजे पाच मिलिलिटरचा. आपण पोह्याचा चमचा घेतला असावा, तो साधारण पंधरा मिलिलिटरचा. माझ्या हिशेबात दहा मिलिलिटर तेल, आपल्या वाडग्यात तीस. ‘चमचा’ या शब्दाने मराठी पाककृतींत आजवर किती भाज्या खारट झाल्या असतील कोण जाणे. मी स्वतः या घोळावर पूर्वी लिहिले आहे आणि तरीही तोच घोळ केला. तेल तिप्पट झाले आणि तेही एकदम ओतले गेले, तर ते वर तरंगणारच.

तेल मिसळून राहावे यासाठी कृतीत फेसलेली मोहरी आहे, ती केवळ चवीपुरती नाही. एक चहाचा चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक करावी, तीत दोन चमचे साधे गार पाणी घालून रंग फिका होईपर्यंत आणि वास नाकात चढेपर्यंत फेसावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात नसतोच. दाणा फुटून त्याला पाणी लागले की त्यातील एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तो तयार होतो. पाणी कढत असेल तर तो विकर निकामी होतो, आणि लिंबू आधीच पिळले तर क्रिया मंदावते. म्हणून गार पाणी, थोडा धीर, आणि लिंबू सर्वांत शेवटी. अशा मोहरीत तेल थेंबाथेंबाने घालत चमच्याने घोटले की ते तिच्यात जिरते आणि पिवळसर, चिकट लेप तयार होतो. तो चक्क्यात घातला की तवंग येत नाही. रविवारच्या ड्रेसिंगमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तेलाचा एक डोळाही वर आलेला मला दिसला नाही.

‘पौष्टिक म्हणता आणि तेल घालता’ या आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देणे बरे. टोन्ड दुधात किमान तीन टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याच्या अर्धा किलो दह्यात साधारण पंधरा ग्रॅम. निवळीबरोबर त्यातील फारसा जात नाही, तो चक्क्यातच राहतो. दहा मिलिलिटर तेलाचे नऊ ग्रॅम, मोहरीचा एखाद-दीड. लिंबाचा रस, लसूण आणि सैल करण्यापुरती निवळी धरून सगळे मिश्रण पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पंधरा ग्रॅमचे अठरा मोठे चमचे. एका मोठ्या चमच्यात दीड ग्रॅमहून कमी स्निग्धांश आणि सुमारे वीस कॅलरी आल्या. मेयोनेझ म्हणजे मुळात तेलाचाच पदार्थ. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत तर त्या नावाने विकायच्या पदार्थात वजनाच्या किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावे लागते. त्याच्या तेवढ्याच चमच्यात जवळजवळ दहा ग्रॅम तेल आणि नव्वदच्या आसपास कॅलरी जातात. दुधावरची साय न काढता, सहा टक्क्यांच्या फुल क्रीम दुधाचा चक्का केला तरी आपले माप सव्वादोन ग्रॅमच्या फार पुढे जात नाही.

मग ते दहा मिलिलिटर तरी कशाला, असे आपण विचाराल. गाजर, पालक, टोमॅटो यांतील कॅरोटिनॉइड (पिवळी-तांबडी रंगद्रव्ये) स्निग्धांशात विरघळतात आणि त्याच्याविना शरीरात नीट शोषले जात नाहीत. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच सॅलड तीन प्रकारच्या ड्रेसिंगसह खायला दिले होते : तेलविरहित, सहा ग्रॅम तेलाचे आणि अठ्ठावीस ग्रॅम तेलाचे. तेलविरहित ड्रेसिंगबरोबर कॅरोटिनॉइड जवळजवळ शोषले गेलेच नाहीत. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की अठ्ठावीस ग्रॅमबरोबर ते सहा ग्रॅमपेक्षा अधिक शोषले गेले, त्यामुळे ‘तेल जितके कमी तितके चांगले’ हे विधान माझ्या लेखात असेल तर ते मी मागे घेते. (आहे, दुसऱ्या परिच्छेदात आहे. खोडले.) शिवाय आपण सॅलड एकटे खात नाही, ताटात तूप लावलेली पोळी असते आणि आमटीला फोडणी असते. तरीही ड्रेसिंगमध्ये थोडे तेल मी ठेवणारच, कारण त्याच्याविना चक्का जिभेवर खडूसारखा लागतो.

काजूंच्या बाबतीत मात्र आपण बरोबर आहात. भिजवलेले दहा काजू म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्यांत सात ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. तो काही वाईट स्निग्धांश नव्हे, पण दाटपणा चक्क्यातून येत असताना काजूंचे तिथे काम काय, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. फोटोत मिश्रण पांढरेशुभ्र दिसावे हा एक मोह होता, हे कबूल करते. काजू कृतीतून काढले आहेत. ज्यांना थोडा दाणेदारपणा हवा असेल त्यांनी वाढण्यापूर्वी भाजलेल्या दाण्यांचे एक मोठा चमचा कूट घालावे. त्याने थोडाफार स्निग्धांश वाढतो हे खरे, पण भाजीचे उरलेसुरले पाणीही ते शोषून घेते.

घरी अंड्याचे मेयोनेझ करण्याच्या आपल्या सूचनेत मला दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे घरी केल्याने तेल कमी होत नाही. अंड्याच्या बलकात तेल घोटत गेल्यानेच त्याला तो दाटपणा येतो, त्यामुळे घरच्या वाटीतही वजनाचा मोठा भाग तेलच असते. फक्त ते ताजे असते आणि कोणते तेल घातले हे आपल्याला माहीत असते, आणि हा फायदा मी कमी लेखत नाही. दुसरी अडचण कच्च्या अंड्याची. त्यातून साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ शकते, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत असे मेयोनेझ तासभर बाहेर राहिले की धोका वाढतो. खाद्यविक्रेत्यांकडील कच्च्या अंड्यांच्या मेयोनेझवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी आणली, ती अशाच कारणांनी. बाजारातील अंडेविरहित मेयोनेझमध्ये ही भीती नाही. त्यातील काही प्रकारांत तेलही कमी असते. मात्र तेल कमी केले की पाणी धरून ठेवायला स्टार्च आणि गोंदाचे प्रकार घालावे लागतात, आणि चवीसाठी साखर. मी मूळ लेखात त्याला ‘विष’ म्हटले होते, तो शब्द भडक होता आणि तोही काढला आहे. महिन्यातून एकदा मुलांच्या सँडविचला लावलेल्या चमचाभर मेयोनेझने कोणाचे काही बिघडत नाही; माझा आक्षेप ते रोज सॅलडवर ओतून त्याला ‘डाएट’ म्हणण्याला आहे.

नावाविषयी थोडेच लिहिते. चक्का किंवा दही, मोहरी, दाण्याचे कूट, लिंबू हे सगळे कोशिंबिरीचेच आहे, आणि तसे मी लेखात लिहिलेही होते. पण कोशिंबीर बारीक चिरून किंवा किसून कालवलेली असते, त्यामुळे दही सैल असले तरी चालते. भाजी ते सामावून घेते. लेट्यूसचे किंवा कोवळ्या पालकाचे अख्खे पान गुळगुळीत असते आणि त्यावरून सैल दही घरंगळून वाडग्याच्या तळाशी जाते. पानाला चिकटून राहील असा दाटपणा या मिश्रणाला द्यावा लागतो, आणि त्या वेगळ्या कामासाठी मी वेगळा शब्द वापरला. पाने धुतल्यावर मी ती सुती पंच्यात गुंडाळून, पंच्याची चारही टोके मुठीत धरून गच्चीत दोन-चार गरके देते. शेजारच्यांना हा प्रकार विनोदी वाटतो, पण ओल्या पानावर कितीही दाट ड्रेसिंग घातले तरी ते टिकत नाही. आपण याला ‘पानांची कोशिंबीर’ म्हणालात तरी माझी काही हरकत नाही.

सुधारलेली कृती लेखात घातली आहे आणि जुन्या ओळी खोडलेल्या अवस्थेत तशाच ठेवल्या आहेत, म्हणजे आपली प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ कळेल. ड्रेसिंग झाकण लावून फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. दुसऱ्या दिवसापासून लसूण उग्र होत जातो, म्हणून तो रोज लागेल तेवढाच ठेचून घालावा. निवळी फेकू नये, तीत पोळीची कणीक चांगली मळली जाते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडूनच कळेल. आपण दही घरी लावलेले घेतले होते की डब्यातील, आणि डब्यातील असेल तर त्यावर घटकांमध्ये दूध आणि विरजण यांखेरीज आणखी काही लिहिले होते का? दाटपणासाठी काही मिसळलेले दही निवळी सहजासहजी सोडत नाही, मग टांगूनही त्याचा चक्का होत नाही आणि ते पुढे ड्रेसिंगमध्ये पाणी सोडते. तसे असेल तर लेखात आणखी एक ओळ घालावी लागेल.