नासका आंबा आणि ओली वाळू

‘कामाच्या ठिकाणची निगेटिव्हिटी घालवा, स्टाफ खूश ठेवा’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या बेळगावच्या कारखानदारांच्या आणि आमच्यासारख्या निवृत्तांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. एकानं तर खाली ‘शंभर टक्के सत्य’ असा शेराही मारला. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) बावीस वर्षं क्वालिटी बघितली असल्यामुळे ‘शंभर टक्के’ ऐकलं की माझा हात आपोआप मोजमापाच्या व्हर्नियरकडे जातो. तेव्हा एकेक मुद्दा मोजूनच घेऊ.

‘एक नासका आंबा सगळी पेटी नासवतो. कुरकुर करणारा माणूस आधी बाहेर काढा.’

हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात आढी लावलेली नाही. आढी लावणारा नासका आंबा काढतो, खरं आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. खाली हात घालून बघतो: पिंजर ओलं आहे का, ऊब जास्त झाली का, वारा कोंडलाय का.

आमच्याकडे येळ्ळूरचा एक मोल्डर होता, वाळूचे साचे करणारा. जुलै लागला की त्याची टकळी सुरू. ‘साहेब, वाळू ओली हाय ओ. मूठ दाबून बघा की.’ समोर कन्नड सुपरवायझर असला की तेच, ‘उसुक हसी ऐती री.’ तक्रार एकच, भाषा दोन. मॅनेजरांनी त्याच्यावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का मारला आणि मीही मान डोलावली, कारण रोज सकाळी तेच ते ऐकून कान किटले होते. त्याला मोल्डिंगवरून उचलून फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामाला, टाकलं. शॉपमध्ये शांतता झाली. मॅनेजर म्हणाले, बघा, वातावरण कसं सुधारलं.

त्याच महिन्यात कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, ब्लोहोल (आतल्या पोकळ्या) वाढले. मशीनिंगला गेलेला माल परत यायला लागला. आम्ही धातूचं टेम्परेचर तपासलं, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचं प्रमाण बदललं, कोळशाच्या पावडरीवरून सप्लायरशी भांडलो. शेवटी एका पोरानं वर बघितलं, तर वाळूच्या ढिगावरचा पत्रा फुटलेला आणि पावसाची धार थेट ढिगात. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते, आणि तिला निघायला वाट मिळाली नाही की ती धातूतच पोकळी करून बसते. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. वाळूतल्या ओलाव्याचं रजिस्टरही होतं, रोज सकाळी भरलेलं, माझ्या सहीचं. सॅम्पल मात्र ढिगाच्या कोरड्या बाजूचं घेतलं जात होतं, कारण ती बाजू दाराजवळ होती. पत्रा बदलला तोवर तो मोल्डर शिरोलीला, कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत लागलाही होता.

आता फॉरवर्डवर अन्याय नको. खरोखरचा नासका माणूस असतो. २००६ साली विल फेल्प्स, टेरेन्स मिचेल आणि एलायझा बायिंग्टन या अमेरिकी अभ्यासकांनी नेमक्या याच विषयावरचं संशोधन एकत्र करून मांडलं. एखादा अंगचोर, एखादा सततचा रडतोंड्या किंवा एखादा दांडगट अख्खी टोळी बिघडवू शकतो, असंच तेही म्हणतात. पण घाव खोल जातो तो बाकीच्यांच्या हातात त्याला समज द्यायची किंवा बाजूला काढायची ताकद नसते तेव्हा. फॉरवर्डमध्ये हे वाक्य नाही, आणि ते नसल्यामुळे सगळा दोष आंब्याच्या माथी जातो.

‘प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या.’

ऐकायला झकास. पण पत्रा बदलायचा तर परचेसची सही लागते. मोल्डरनं काय, पत्र्याचं कोटेशन घेऊन यायचं? टोयोटाच्या लाइनवर कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो डोक्यावरची दोरी ओढतो (आता बऱ्याच ठिकाणी बटण दाबतो) आणि त्याचा टीम लीडर धावत येतो. दोरी ओढण्याआधी उपाय काय, असं कुणी विचारत नाही. ‘उपाय घेऊन या’ म्हटलं की ज्याच्याकडे उपाय नाही तो गप्प बसतो, आणि सगळ्यात महागात पडणाऱ्या गोष्टींचा उपाय बहुतेक वेळा एकट्याकडे नसतोच.

शिवाय कमी तक्रारी म्हणजे चांगलं वातावरण, हेही खरं नाही. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेनं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथली टीम चांगली तिथे चुका कमी असणार, असा तिचा अंदाज. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त होत्या, कारण तिथल्या नर्स चूक झाली की बोलून दाखवत होत्या. बाकीच्या वॉर्डांत ती झाकली जात होती. हे वाचलं तेव्हा मला आमचं ते सहीचं रजिस्टर आठवलं.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, एका नकारात्मक गोष्टीला तीन सकारात्मक गोष्टी पाहिजेत.’

हा आकडा २००५ सालचा. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्सियल लोसादा यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात तो २.९०१३ असा मांडला होता. माणसाच्या भावना, आणि दशांशाच्या चार स्थळांपर्यंत! आम्हाला लोखंडातसुद्धा इतकी अचूकता कुणी मागितली नाही. २०१३ मध्ये निक ब्राउन या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्यासोबत त्याच नियतकालिकात दाखवून दिलं की प्रवाही पदार्थांच्या अभ्यासातली समीकरणं उचलून इथे नुसती चिकटवलेली आहेत. गणिताचा तो भाग नियतकालिकानं मागे घेतला. चांगल्या कामाला चांगलं म्हणावंच, त्याला समीकरण लागत नाही.

‘पगारानं माणूस खूश होत नाही, हे हर्झबर्गनं सांगितलंय.’

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं १९५९ चं म्हणणं अर्धंच उचललंय. पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक या गोष्टी नीट असल्या म्हणून माणूस हुरळून जात नाही, पण त्या बिघडल्या की तो चिडतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे नाराजी घालवायची तर आधी तिथेच हात घालायला हवा. आणि त्यानं मुलाखती घेतल्या होत्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या. खानापूरहून पहाटेची बस धरून येणारा कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर त्यात नव्हता.

आपल्याकडचंच बघायचं तर निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांचं बघा. १९८० च्या आसपास त्यांनी संघटना बांधली तेव्हा मजुरी आणि माणसासारखी वागणूक या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला नियम. तो हिशेब ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ढकलायचा आणि भिंतीवर ‘बी पॉझिटिव्ह’ची पाटी लावायची. अशी पाटी आमच्याकडेही होती. खाली कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, ‘माझा ओ पॉझिटिव्ह.’

उरला फॉरवर्डनं सुचवलेला वाढदिवसाचा केक. तो कापा की, कोण नको म्हणतंय? बेळगावात असाल तर केकऐवजी कुंदा द्या, उलट जास्त संपेल. फक्त बोलावून आणलेल्या मोटिव्हेशनवाल्या सरांचं दोन तासांचं इंग्रजी भाषण त्याला जोडू नका. मराठी पोरं आणि कन्नड पोरं, दोघंही एकाच वेळी पेंगतात. तेवढ्यापुरती एकी होते, हे मान्य.

‘शंभर टक्के सत्य’ लिहिणाऱ्या मित्राला मी परवा फोन केला. त्याचं मच्छेला छोटं वर्कशॉप आहे, पंधरा माणसं. दर सहा महिन्यांनी त्यातली चार-पाच बदलतात. का सोडून जातात, विचारलं. म्हणाला, ‘कुणी काही सांगतच नाही ओ.’