कागद भारी घ्या, रंग तीनच घ्या

निवृत्तीनंतर जलरंगाकडे वळणारे बरेच जण खरेदी नेमकी उलटी करतात. चोवीस रंगांची पेटी घेतात आणि कागद मात्र साधा ड्रॉइंग वहीचा. माझं ठाम मत आहे की पैसे कागदावर घालावेत. 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के कॉटनचा कागद घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं, आपल्या हातात कलाच नाही!

22 बाय 30 इंचाच्या एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे होतात. तुकडा लहान असला की बिघडण्याची भीतीही कमी होते. रंग तीन पुरेत: लेमन यलो, परमनंट रोझ (गुलाबी), अल्ट्रामरीन (निळा). तिन्ही एकत्र केले की करडा मिळतो, कुठला जास्त घ्यायचा ते आपण ठरवायचं. रंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना थोडा गडदच ठेवा.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती घाईमुळे. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर, अर्धवट सुकलेला असताना जास्त ओला ब्रश टेकवला, की ते पाणी आधीचा रंग बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटते. कागद तिरका धरून बघा. पाण्याची चमक आहे तोवर रंग सोडता येतो. चमक गेली की ब्रश खाली ठेवायचा. हाताची मागची बाजू कागदाला लावून गार लागलं, तर आत अजून ओल आहे. नोकरीत कामं उरकायची सवय लागलेल्यांना हे थांबणं फार जड जातं, पण आता मागे कोणी घड्याळ घेऊन उभं नाही, हे हाताला कळायला वेळ द्यायला हवा.

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा-जांभळा मंद दिसतो. म्हणून पिवळ्या बल्बखाली रंग कालवू नका, दिवसा खिडकीजवळ बसा. बोटं आखडत असतील तर ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळा. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनं 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं केली. शरीर साथ देईना तेव्हा साधन बदललं, आणि त्यातून अगदी नवी चित्रं आली.

पहिलं वर्षभर तरी कोणाच्या फर्माइशीवर चित्र काढू नका, नातवंडांच्यासुद्धा. 'माझं पोर्ट्रेट काढा' म्हटलं की साम्य जुळवण्याची धडपड सुरू होते आणि पुन्हा साहेबाला खूश करणं आलं. फसलेला तुकडा फेकू नका. कॉटन कागदाची मागची बाजूही चालते, वॉशचा सराव तिथेच करा.